११०० किलोमीटर, एकदा विमानाने आणि एकदा गाडीने

आमच्या घरात सुट्टीचं ठिकाण दहा मिनिटांत ठरतं आणि जायचं कसं यावर महिना जातो. गेल्या वर्षी विमानाने गेलो. या वर्षी त्याच ठिकाणी, तितक्याच नऊ दिवसांसाठी, गाडीने. त्यामुळे दोन्हींची तुलना करायला माझ्याइतका अधिकार सध्या तरी ओळखीत कुणाला नाही.

घरच्या दारापासून तिथल्या खोलीच्या दारापर्यंत ११०० किलोमीटर. माणसं पाच: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे वेगळे प्रवासी म्हणून मोजायला हवेत. गाडी चालवणारं माणूस एक, म्हणजे मी. नवऱ्याकडे परवाना आहे, पण शहराची हद्द आली की त्याचे हात घामेजतात. हा 'एक' लक्षात ठेवा. पुढचे सगळे हिशेब त्याच्यापाशीच येऊन अडतात.

आधी विमान. तिकिटावर प्रवासाचा वेळ छापला होता १ तास ५० मिनिटं, आणि घरातला सगळा वाद याच आकड्यावर जिंकला गेला होता. मला वेळा टिपून ठेवायची सवय आहे. पहाटे ५.१० ला कुलूप लावलं. विमानतळावर ६.३०. विमान सुटायचं होतं साडेआठला, सुटलं ९.०५ ला. उतरलो १०.५५ ला. पट्ट्यावर बॅगांची वाट बघून, सासूबाईंना घेऊन बाहेर यायला ११.५५. मग टॅक्सी ठरवणं आणि अडीच तासांचा रस्ता. खोलीचं दार उघडलं २.२५ ला. एकूण सव्वानऊ तास, त्यातले हवेत दोनही नाहीत. बाकीचा वेळ रांगेत, खुर्चीत किंवा कुणाचा तरी हात धरून उभं राहण्यात गेला.

तरी तक्रार वेळेची नाही. पोचलो तेव्हा दुपार होती आणि मुलगा संध्याकाळी पाण्यात डुंबत होता. तक्रार आहे ती त्या सव्वानऊ तासांच्या तुकड्यांची. प्रत्येक तुकड्यात काहीतरी काढा, काहीतरी घाला, काहीतरी दाखवा. सामान देऊन आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेकडे निघालो आणि ध्वनिक्षेपकावर नवऱ्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली होती. बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येते आणि विझवता येते, खाली सामानाच्या कप्प्यात तिच्याकडे बघायला कुणी नसतं, म्हणून ती हातातल्या पिशवीतच लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची (हे तिच्यात मावणाऱ्या विजेचं माप) साधारण चालते. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे आमची नियमात बसत होती, फक्त चुकीच्या बॅगेत. त्या बॅगेत ती सगळ्यात तळाशी होती, हे वेगळं सांगायला नको. एका अनोळखी खोलीत नवऱ्याने आमचे सगळ्यांचे कपडे बाहेर काढले आणि पुन्हा भरले. घड्या माझ्या, भरणं त्याचं. उघडल्यावर सगळं कळलं.

हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, हा नियम अनेक विमानतळांवर २००६पासून आहे आणि दर वेळी रांगेत आमच्यापुढे कुणीतरी तो पहिल्यांदाच ऐकत असतं. या खेपेला ती मी होते. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या तेलाची बाटली माझ्या पर्समध्ये निघाली.

विमान कंपनीचं नाव लिहीत नाही, पण जागा निवडायचे पैसे भरले नाहीत म्हणून पाच जणांना तीन वेगवेगळ्या रांगांत टाकलं. तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. दोन वर्षं पूर्ण झाली की मांडीवर चालत नाही, स्वतंत्र जागा लागते. ती मिळाली, फक्त दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. त्यातल्या एका गृहस्थांनी मुलाकडे पाहिलं, मुलाच्या हातातल्या स्केचपेनकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत उठून जागा बदलून दिली.

आता एक गोष्ट मी आधी वाचली असती तर बरं झालं असतं. मुलगा चढताना खूश होता, मग झोपला. उतरायच्या साधारण वीस मिनिटं आधी असा किंचाळत उठला की पुढच्या चार रांगा वळल्या. कान. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो, आणि खाली येताना तो झपाट्याने वाढतो. कानाच्या पडद्यामागून घशात जाणारी नळी गिळताना, जांभई देताना उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांची ती नळी अरुंद असते, आणि झोपलेलं मूल गिळतंही कमी. म्हणजे विमान उतरायला लागलं की मुलाला उठवायचं आणि घोट घोट पाणी पाजत राहायचं. आम्ही नेमकं उलट केलं होतं: झोपलाय तर झोपू दे, म्हणत कुजबुजत बसलो होतो. परतीच्या वेळी उठवला, पेला हातात दिला, एक हूं की चूं नाही.

विमानाच्या बाजूने सगळ्यात मोठा कौल मात्र सासूबाईंचा. तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची मदत मागून ठेवली होती. दारात खुर्ची पाहून त्या म्हणाल्या, "अगं, मी काय आजारी आहे का?"

"आई, तुम्ही बसा तरी. पुढे फार चालायचंय."

बसल्या. त्या खुर्चीने तपासणीची लांब रांग टाळली, उद्वाहक शोधले आणि त्यांना विमानाच्या दारापर्यंत नेलं. आम्ही चौघं मागे मागे, हातात पिशव्या घेऊन. उतरल्यावर दुसरी खुर्ची हजर. तिसऱ्या दिवशी फोनवर नणंदेला त्या सांगत होत्या, "मी आधी पोचले, मग ही मंडळी आली." ही सेवा मागा, आधी कळवा, लाजू नका. बहुतेक कंपन्या तिचे पैसे घेत नाहीत.

आता गाडी.

पहिला वाद निघायच्या वेळेवरून. नवरा म्हणाला, रात्री निघू, मुलं झोपतील, रस्ता मोकळा मिळेल. हा सल्ला मला आजवर सातजणांनी दिलाय आणि सातहीजण मागच्या सीटवर बसणारे होते. मुलं झोपतात हे खरं, पण पहाटे दोन ते पाच चालवणाऱ्याचं शरीरही झोपायलाच बघत असतं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ८० मीटरहून जास्त अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. मी रात्री निघणार नाही म्हटलं आणि विषय संपवला. मध्ये एक मुक्काम.

पहिल्या दिवशी ६४० किलोमीटर: पहाटे साडेपाच ते दुपारी पावणेपाच. दुसऱ्या दिवशी ४६०: साडेसात ते साडेतीन. मिळून सव्वाएकोणीस तास, म्हणजे विमानाच्या दुप्पट, वर एक रात्र. दर दोन तासांनी थांबायचं असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात दर दीड तासाने थांबलो, कारण ज्याला लागायची त्याला दुसऱ्याची झाल्यावरच लागते.

मुलगी दोनशे किलोमीटरवर पांढरी पडली. गोष्टीचं पुस्तक वाचत होती. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण हलतोय, आणि भांडण पोटात मिटतं. यावर उपाय म्हणजे पुढच्या सीटवर बसून लांब रस्त्याकडे बघणं. पण पुढची सीट सासूबाईंच्या गुडघ्यांची होती. मागे मुलाची बालआसनाची खुर्ची अर्धी जागा खाऊन बसलेली. शेवटी मुलगी मधल्या जागेवर, दोन्ही सीटांच्या फटीतून समोर बघत आली. गोळी निघायच्या आधी द्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही, हे दुसऱ्या दिवशी आम्ही जमवलं.

आणि सामान! विमानात वजनकाटा असतो म्हणून माणूस विचार करतो. गाडीत "घे गं, गाडी आहे ना" एवढं एकच वाक्य असतं. उशा घेतल्या. बॅडमिंटनच्या रॅकेट घेतल्या, ज्या नऊ दिवसांत डिकीतून बाहेर आल्या नाहीत. म्हणजे आल्या, एकदा आल्या. टायर पंक्चर झाला तेव्हा.

जादा चाक डिकीच्या तळाशी असतं, हे मला माहीत होतं. डिकीच्या तळाशी जायचं तर वरचं सगळं रस्त्याकडेला मांडावं लागतं, हे मी कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. उशा, रॅकेट, दोन सुटकेसा, सासूबाईंची घडीची खुर्ची (ही मात्र कामाला आली, त्या तिच्यावर बसून देखरेख करत होत्या). चाक बाहेर काढलं तर त्यात हवा निम्मी. निघण्यापूर्वी सर्व्हिसिंग केलं होतं, बिलावर चारही चाकांची हवा तपासल्याची खूण होती. चारच. पाचवं कुणाच्या हिशेबात नव्हतं, माझ्याही. हळूहळू पुढच्या पंपापर्यंत गेलो. तेव्हापासून मीच मोजते: टायर थंड असताना, पाचही, आणि चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा जो वेगळा आकडा असतो तो.

वेगाबद्दल एकच. पंक्चरमध्ये गेलेला तास भरून काढायला मी थोडा वेळ ताशी १२० ने चालवली. नंतर हिशेब केला: १०० किलोमीटरला ९० च्या वेगात ६७ मिनिटं लागतात, १२० ला ५०. सतरा मिनिटं, म्हणजे एक लघुशंका. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे त्या सतरा मिनिटांसाठी गाडी पाऊणपट जास्त विरोध ढकलत असते. इंधनाचा काटा ते लपवत नाही.

पैशांचं सांगायचं तर तिकीट माणशी असतं, इंधन गाडीमागे. आमचा विमानाचा खर्च, जादा सामान आणि तिथल्या नऊ दिवसांच्या टॅक्सी धरून, गाडीच्या जवळपास अडीच पट आला. गाडीच्या बाजूला इंधन, टोल, जातायेता एकेक मुक्काम आणि सर्व्हिसिंग धरलंय. दोघंच असतो तर हा फरक बराचसा मिटला असता. आणि पोचल्यावर गाडी हाताशी असण्याचं सुख वेगळंच. गेल्या वर्षी कुठेही जायचं तर आधी फोन, मग वाट बघणं, मग भाव. या वर्षी मुलगा झोपला की परत फिरायचो, जाग आली की निघायचो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी गाडीची बाजू घेताना नेहमी हळूच बाजूला सारते, म्हणून इथे लिहून ठेवते: किलोमीटरमागे बघितलं तर विमान गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. मला चाक हातात असलं की बरं वाटतं, पण बरं वाटण्याचा आणि आकड्याचा संबंध नाही.

मग तारे किती? विमानाला पाचपैकी साडेतीन. दीड तारा तुकड्यांचा आणि तीन रांगांचा कापला. गाडीला घरातल्या चौघांनी चार दिले. मी दोन. कारण विमानाचा त्रास पाच जणांत वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा. गाडीचा सगळा एका जोडी खांद्यांवर येतो. गाडीने निघालं की त्यांची सुट्टी फाटकाबाहेर पडताच सुरू होते, माझी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी संपते. नऊ दिवसांची माझी सात दिवसांची झाली. तिथे पहिल्या संध्याकाळी सगळे पाण्यात होते आणि मी खोलीत पालथी, पाठीवर गरम पाण्याची पिशवी.

पाचशे-सहाशे किलोमीटरपर्यंत मी पुढेही गाडीच काढीन, एका दिवसात उजेडी पोचता येतं. ११०० एकट्याने पुन्हा नाही. मुक्काम वाढवून तीन दिवसांत करता येईल, पण मग सुट्टी आणखी मोठी हवी, आणि ती कोणाच्या कचेरीत मिळते?

नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वर्षी गाडी हवी असेल तर अर्धं अंतर तू. त्याने मान डोलावली आणि गेले चार रविवार सकाळी शहराबाहेर गाडी घेऊन जातो. मी मागच्या सीटवर बसते, बोलत नाही, फक्त उजवा पाय आपोआप दाबला जातो. काल साठ किलोमीटर झाले. सासूबाईंना विचारलं, तुमचं मत काय? त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"ती खुर्ची परत मिळणार असेल तर विमान," म्हणाल्या.