दाढेच्या जागी हाड भरून घेतलं: रत्नागिरीतल्या दवाखान्याचा अनुभव

मी पावसची. जूनमध्ये खालची डावी दाढ काढून तिथे हाडाचे कण भरून घेतले, पुढे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवायचं म्हणून. बधिर केलं होतं, दुखलं नाही. लिहायचंय ते नंतरच्या काळजीबद्दल.

निघताना डॉक्टरांनी मला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीने काही ओढायचं नाही. त्या ओढीने जखमेवरची रक्ताची गाठ सुटते आणि आतले कण हलतात. आम्ही शहाळं नळीनेच पितो. सुनेने पाणी पेल्यात ओतून दिलं. बर्फ वीस मिनिटं गालावर, वीस मिनिटं बाजूला. नेमकी त्या रात्री लाइट गेली. शेजारच्या वहिनींनी मिरकरवाड्याहून मासळीसाठी आणलेल्या बर्फातला थोडा दिला, तो पिशवीत घालून वर पंचा गुंडाळला. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त होती, मग उतरत गेली.

चौथ्या रात्री जिभेवर काहीतरी खरखरलं. बोटावर घेतलं तर रव्याएवढा पांढरा कण. मागून आणखी दोन. पोटात गोळाच आला. साडेनऊला फोन केला, डॉक्टरांनी स्वतः उचलला. "काकी, कण किती? टाके जाग्यावर आहेत? रक्त येतंय?" सुनेने मोबाइलच्या उजेडात बघून फोटो पाठवला. "वरचे दोनचार कण येतात सुरुवातीला. तिथे जीभ लावू नका, ब्रश फिरवू नका. सकाळी दाखवून जा." सकाळी ताबडतोब आत घेतलं, तपासलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. मागे वरची दाढ दुसरीकडे काढली होती, तिथे हातात गोळ्या ठेवल्या आणि पुन्हा कोणी विचारलंही नाही. म्हणून मला याचं फार वाटतं.

खाण्याचं आम्हीच जमवलं. उकड्या तांदळाची कोमट पेज, मूगडाळ घालून मऊ आटवल, नाचणीची आंबील, सगळं उजव्या बाजूने. दोन आठवडे बांगडा नाही. वीस वर्षांची मिसरी सोडली, कारण तंबाखूने जखम भरत नाही हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. अजून लावलेली नाही.

दोन तक्रारी आहेत. सूचनांचा कागद इंग्रजीत, आणि त्यात सूप नि आइस्क्रीम. आमच्याकडच्या बायकांना त्यात पेज, शहाळं, मिसरी हे शब्द मराठीत हवेत. आणि क्लोरहेक्झिडिनच्या औषधी चुळांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाची चव जाते, हे आधी सांगायला हवं होतं. मी घाबरून विचारल्यावर कळलं. डाग नंतर साफ करून दिले.

टाके दहाव्या दिवशी काढले. नवीन हाड धरायला चार ते सहा महिने लागतात, त्यामुळे एक्स-रे दिवाळीनंतर. इम्प्लांटही इथेच बसवणार.