पाच मुलं घेऊन कुठे राहावं: नाशकातला फ्लॅट की गावचं घर?

माझ्या बहिणीची मुलगी सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तीन मुलं आहेत, चौथं पावसाळ्यात होईल. नवरा रिक्षा चालवतो. सासर सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावात. परवा तिने फोन केला, "मावशी, तू दोन्हीकडे राहिलीस. आम्ही इथंच रेटावं की गावाला जावं?" फोनवर एका दमात सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मांडून लिहिते. तिच्यासारखीच अडलेली आणखी कुणी असेल तर तिलाही होईल.

मला पाच मुलं. दोन मुलींनंतर सासरी मुलगा हवा होता, मलाही वाटत होतं, ते मी लपवत नाही. तिसऱ्या खेपेला जुळं झालं, मुलगी आणि मुलगा. शेंडेफळ न ठरवता आलं. जुळी दीड वर्षांची होईपर्यंत आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये होतो. मग सहा वर्षं दिंडोरी तालुक्यात सासरी, एकत्र कुटुंबात. थोरली आठवी झाली तेव्हा पुन्हा शहराच्या कडेला, म्हसरूळला आलो. नवरा पहिल्यापासून अंबडच्या एमआयडीसीत कामाला, मी ब्लाउज शिवते.

डोक्यागणिक आणि उंबऱ्यागणिक

दोन्हीकडे राहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. शहर डोकी मोजतं, गाव उंबरा मोजतं. फ्लॅटचं भाडं तेवढं घराचं असतं, बाकी सगळं माणशी. शाळेची फी माणशी, व्हॅन माणशी, क्लास माणशी. घरमालकाचा पहिला प्रश्नही "माणसं किती?" हाच. सात म्हटल्यावर आम्हाला तीन ठिकाणी नकार मिळाला. सगळ्यांना घेऊन लग्नाला निघालो तर एका रिक्षात मावत नाही, दोन कराव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला, म्हणजे एका बाईला सरासरी दोनहूनही कमी मुलं. शहरातली खोली, जिना, पाण्याची टाकी सगळं त्या मापाने कापलेलं, त्यात आम्ही सात जण.

गावाला आम्ही गेलो तेव्हा घरात आधीच सहा माणसं होती: सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं. आमच्यामुळे बारा झाली, धाकट्याच्या जन्मानंतर तेरा. नवरा महिन्याला 8,000 रुपये सासऱ्यांच्या हातात द्यायचा. पाचवं मूल झालं तरी तो आकडा बदलला नाही. दूध घरचं, भाजी बरीचशी मळ्यातली, भाडं नाही. शाळा जिल्हा परिषदेची, चालत पाच मिनिटं. एका मुलाचा स्वेटर चौघांना पुरायचा.

हे वाचून गावच स्वस्त असं वाटेल. मलाही सहा वर्षं तसंच वाटत होतं.

हिशेबाच्या वहीत न आलेला खर्च

गावची स्वस्ताई फुकटची नव्हती, ती दुसरं कुणीतरी भरत होतं. जाऊबाईंची मुलं दोन, माझी पाच, आणि दोघींचे नवरे घरात पैसे सारखेच देत. त्या काही वर्षं गप्प राहिल्या. मग एकदा दुधावरून बोलल्या, "माझ्या पोरांच्या वाट्याला तळाचंच येतं." मला तेव्हा फार लागलं. आज म्हणते, त्यांचं खरं होतं. सासूबाई साठीच्या पुढच्या, तरी जुळ्यांना आंघोळी घालून अंगणवाडीत सोडणं त्यांच्याकडे. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी लागली की मळ्यात माणसं, घरी चाळीस-पन्नास भाकरी, आणि त्या आम्ही दोघी जावा थापायचो. त्या कष्टाचा भाव कुणी काढला नाही, म्हणून आमचं घर आठ हजारात भागलं.

फ्लॅटमधलाही असाच एक खर्च वहीत नव्हता. तो माझी थोरली भरत होती. सात वर्षांची होती. एक जुळं माझ्या मांडीवर, दुसरं तिच्या कडेवर. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी हात धुवायची, कारण बाळाला घ्यायचं असायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "किती समजूतदार आहे हो पोरगी." मी पण कौतुकाने ऐकायचे. ती खाली मुलांत खेळायला जातच नव्हती, हे मला गावाला गेल्यावर दिसलं. तिथे आजीने बाळ घेतलं आणि ही पहिल्या आठवड्यात पेरूच्या झाडावरून पडून गुडघा फोडून आली. मी रागावले आणि रात्री एकटीच रडले.

म्हणून शहर आणि गाव शेजारी शेजारी मांडताना रुपयांच्या आधी हे विचारा: लहान बाळाचे पहिले दोन-तीन वर्षांचे हात कुणाचे लागणार? शहरात बाई ठेवायची ऐपत नसेल तर ते हात थोरल्या मुलीचे असतात, मुलाचे क्वचितच. गावाला ते सासूचे आणि जावेचे असतात. कुणाकडून घेताय ते माहीत असलं पाहिजे.

शाळा

इथे दोन्ही बाजू वयाप्रमाणे फिरतात. चौथी-पाचवीपर्यंत आमच्या गावची शाळा मला सरस वाटली. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार. हे सगळं मुलागणिक मिळतं, तिसरं की पाचवं असं कुणी विचारत नाही. बाई चांगल्या होत्या, हेही नशीब. दोन किलोमीटरवरच्या वस्तीशाळेत तसं नव्हतं. तेव्हा "गावची शाळा" असं मोघम धरू नका, त्या शाळेत जाऊन बसा.

एक फायदा आम्हाला आधी ठाऊकही नव्हता. दिंडोरी तालुक्यात खेडगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला परीक्षा देऊन प्रवेश, जागा 80, राहणं-जेवण-शिक्षण सरकारी खर्चाने. त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी गावच्या शाळेत झालेली लागते. माझी दुसरी तिथे लागली. आम्ही फ्लॅटवर राहिलो असतो तर तिला त्या राखीव जागांवर बसता आलं नसतं.

आठवीनंतर मात्र पारडं शहराकडे झुकतं. गावात हायस्कूल दहावीपर्यंत, पुढे विज्ञान घ्यायचं तर दिंडोरी किंवा नाशिक. ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून, आणि तो फार मोठा आधार आहे. पण पास असला तरी संध्याकाळची गाडी चुकली की मुलगी फाट्यावर उभी. थोरलीचं गणित मला तिथे नीट होताना दिसेना, म्हणून आम्ही निघालो.

शहरातल्या इंग्रजी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्क्यांतून जागा मिळते. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत हवं, मागासवर्गीयांना ती अट नाही. पण ती सोडत असते. एकाचा नंबर लागतो, दुसऱ्याचा नाही, किंवा लागतो तो वेगळ्या शाळेत. तीन मुलं तीन शाळांत आणि सोडायला आई एकच, हे आमच्या शेजारणीचं रोजचं. शहरात राहणार असाल तर महापालिकेची किंवा अनुदानित मराठी शाळा आधी बघा, सगळी भावंडं एकाच फाटकातून आत जातील अशी.

आजारपण

शहर. यात मला शंका नाही. गावाला जुळ्यांपैकी मुलाला एका रात्री तापात झटका आला. 108 ला फोन केला, गाडी आली, पण पावसात नाशिकला पोचेपर्यंत जो वेळ गेला तो मी विसरलेले नाही. फ्लॅटवर असताना दवाखाना दहा मिनिटांवर होता. लसीकरण दोन्हीकडे सरकारी केंद्रात फुकट. मोठ्या आजाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि आता ती सगळ्या रेशन कार्डांना लागू आहे. ही रक्कम मात्र अख्ख्या घराची मिळून असते, माणशी नाही.

दोनवर थांबणारे नियम

हे शहर-गाव दोन्हीकडे सारखंच, पण ठरवताना डोळ्यांपुढे हवं. तिसऱ्या अपत्यानंतर सरकारी नोकरी बंद. राज्याच्या 2005 च्या लहान कुटुंबाच्या नियमांत 28 मार्च 2006 ही तारीख धरतात, त्यानंतर झालेलं मूल मोजतात. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, तिथे तारीख 12 सप्टेंबर 2001. एकावर जुळं झालं तर ते एकच धरतात, आमच्यासारखं दोनावर झालं तर सुटका नाही. गावाला जाऊन सरपंच व्हायचं कुणाच्या मनात असेल तर ते आधीच संपलेलं असतं. नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे रजा, पुढे 12. मुलींच्या नावाने बचतीची सुकन्या समृद्धीची खाती साधारणपणे दोन मुलींचीच. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत शाळेच्या फीची सवलत एका करदात्याला दोन मुलांपुरती. नवरा-बायको दोघंही कर भरत असतील तर मुलं वाटून घेता येतात.

धान्य

आमचं रेशन कार्ड पांढरं, धान्य मिळत नाही. आम्ही वर्षाचं भरतो: निफाडकडचा गहू चार पोती, एरंडेल लावून कोठीत, आणि घोटीच्या मिलवरून तांदूळ. हे भरायला एकदम पैसा लागतो आणि ठेवायला जागा लागते. फ्लॅटच्या दिवसांत दोन्ही नव्हतं, दर आठवड्याला दुकानातून पाच किलोची पिशवी आणायचो, किलोमागे जास्तच जायचे. भाजी बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून, संध्याकाळी उठता बाजार धरून.

भाचीचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे आणि तिथे एक मोठी चूक व्हायची होती, ती मी थांबवली. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो मिळतात. राहिलेलं मधल्या मुलीचं आणि चौथ्या बाळाचं नाव चढलं की तिचे सहा जणांचे 30 किलो. तिच्या सासऱ्यांचं कार्ड अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांचं. त्यावर घरात दोन असोत की आठ, महिन्याला 35 किलोच. गावाला जाताना सगळ्यांची नावं सासऱ्यांच्या कार्डावर चढवायची असं तिच्या नवऱ्याने ठरवलं होतं. तसं केलं असतं तर 65 चे 35 झाले असते. आता कुठल्याही दुकानातून आपल्या कार्डाचं धान्य उचलता येतं, तेव्हा चूल एक असली तरी कार्ड बदलायची घाई नको.

मी काय ठरवलं असतं

धाकटं बाळ दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत गाव, आणि थोरलं मूल सातवी-आठवीला आलं की शहराची कड. भर शहरातला फ्लॅट नाही. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव इकडे रो-हाउसचा तळमजला मिळतो, पुढे चार फूट अंगण असतं, सिटीलिंकची बस जाते. आम्ही देतो ते भाडं जुन्या फ्लॅटपेक्षा जास्तच आहे. पण पलीकडे पेट्रोल वाचलं. गावाहून अंबडला रोज जाऊन-येऊन 70 किलोमीटर, आजच्या भावाने महिन्याला 3,800 च्या आसपास जातात, आणि दुसऱ्या पाळीला नवरा घरी यायचा तोवर मुलं झोपलेली. सहा वर्षं धाकट्यांनी बापाला रविवारीच पाहिलं, हेही गावच्याच खात्यावर लिहायला हवं.

पण हे झालं माझ्या गावाचं. तिथे विहिरीला पाणी होतं, बाग होती, तेरा माणसांचं पोट निघत होतं. सिन्नरचा पूर्व भाग कोरडा. भाचीच्या सासरी दोन एकर जिरायत, उन्हाळ्यात टँकर. तिथे उंबऱ्यागणिक मोजायला उंबऱ्याआड काही असलं पाहिजे. शिवाय रिक्षाचं परमिट नाशिकचं, म्हणजे नवरा सिडकोतच राहणार आणि खोलीचं भाडं चालूच. दोन चुली झाल्या तर गावची स्वस्ताई तिथेच संपते.

म्हणून तिला मी गाव सांगितलं नाही. बाळंतपणाला सासूबाईंना सहा महिने सिडकोत आणून ठेवा, त्यांचा गुडघ्याच्या औषधाचा खर्च तुम्ही उचला, तोंडी नको, दर महिन्याच्या एक तारखेला हातात द्या, असं सांगितलं. थोरला नऊ वर्षांचा आहे. पाचला खाली खेळायला सुटला पाहिजे, बाळ कितीही रडत असलं तरी. ती म्हणाली, सासूबाई येतील का ते विचारते. रविवारी दोघं गावाला जाणार आहेत, मधल्या मुलीचा जन्मदाखलाही शोधायला, कारण मधलीचं नाव अजून रेशन कार्डावर चढलेलंच नाही आणि तिचा दाखला सासरच्या कपाटात आहे की हरवलाय, ते कुणालाच आठवत नाही.