एन्ड्युरो सायकल: नऊ महिन्यांनंतर फ्रेमच्या वजनाविषयी

एन्ड्युरो, म्हणजे डोंगरातले खडबडीत उतार वेगाने उतरण्यासाठीची सायकल घेताना फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, या प्रश्नावर मी दोन महिने अडून बसलो होतो. एकाच मॉडेलच्या दोन फ्रेममध्ये फरक सुमारे ८०० ग्रॅमचा आणि किमतीतली तफावत माझ्या दोन पगारांएवढी, म्हणून अखेर ॲल्युमिनियमची घेतली. पुढे १७० आणि मागे १६० मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्का झेलताना सस्पेन्शन जितके दबते ते अंतर) असलेली ही सायकल पेडलसह १६.२ किलो भरते. इंदूरहून महू, चोरल आणि जानापावच्या बाजूला मी ती बहुतेक रविवारी चालवतो.

चढावर ८०० ग्रॅम जाणवतील ही भीती होती. मी, सायकल, पाणी आणि अंगावरचे संरक्षक पॅड मिळून १०० किलो होतात. तेवढ्याच जोराने पेडल मारले तर ४० मिनिटांच्या चढात कार्बनच्या हलक्या फ्रेममुळे जेमतेम २० सेकंद वाचतील. शिवाय एन्ड्युरो शर्यतीत चढ ठरलेल्या मुदतीत पुरा करायचा असतो, घड्याळ लागते ते उताराच्या टप्प्यांना.

टायरचे वजन मात्र लगेच कळले. विंध्याच्या काळ्या पाषाणाने पातळ टायर तीनदा फाडल्यावर मी जाड कडांचे टायर बसवले. प्रत्येकी २५० ग्रॅम वाढले आणि वळणातून बाहेर पडताना वेग घेणे जड झाले, कारण हे वजन नुसते वाहून न्यायचे नसते, दर वेळी फिरवायचेही असते. तरीही ते मी काढणार नाही. उतारावर चाक दगडांवरून उसळते तेव्हा सस्पेन्शनच्या वर असलेली फ्रेम थोडी जड असल्याने काही बिघडत नाही. चाके जड असली तर सस्पेन्शनला त्यांना जमिनीला धरून ठेवणे कठीण जाते. म्हणून वाचलेल्या पैशांतून मी शॉकची (मागच्या सस्पेन्शनच्या दांड्याची) सर्व्हिसिंग आणि मोठ्या डिस्कचे ब्रेक केले, आणि तो खर्च मला पदोपदी उपयोगी पडला.

माझी धाकटी बहीण ५० किलोची आहे. तिच्यासाठी हीच सायकल म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि सायकल खांद्यावर घेऊन खडक चढावे लागतात तिथे तिला एकेक किलो भारी पडतो. तिने मला विचारले, तर मी हलकी फ्रेमच सुचवीन.

जुलैत माळव्याची काळी माती चाकांना थापली गेली आणि परतल्यावर न धुता वजन केले, तर १८.९ किलो! मागचे चाक तर फ्रेममध्ये अडकून फिरेनासे झाले होते. दुकानात फ्रेम उचलून पाहण्याआधी मागचा टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोट शिरते का, ते पाहा.