मणक्याचा आजार असताना: हलका मसाज की मान-पाठ ‘मोडून’ घेणं?

पाठ धरली की हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. हलक्या हाताने स्नायू चोळले तर ताठरपणा थोडा वेळ सैलावतो, झोप लागते, मणक्यावर मात्र फारसा भार येत नाही. दुखणं परत येतं हे खरं.

मान झटक्यात वळवून कडकन आवाज काढणं किंवा पाठीवर गुडघा देऊन दाबणं, यातला धोका कितीतरी मोठा. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याला सूज आणणाऱ्या आजारात मणके एकमेकांना जुळून कणा ताठ आणि ठिसूळ होतो. तो वाकत नाही, मोडतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या प्रकारात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल पडू शकतात. तिथे हाड सरकलं तर दाब थेट मज्जारज्जूवर येतो आणि हातपाय लुळे पडू शकतात. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्याही नोंदी आहेत.

हलका मसाजही सरसकट सुरक्षित नाही, बरं का. हाडं फार ठिसूळ झाली असतील तर जरा जोर लागला तरी मणका चेपू शकतो. कॅन्सर मणक्यात पसरला असेल तर त्या जागी दाब नकोच.

माझं मत स्पष्ट आहे: मणक्याच्या आजाराचं निदान झालेल्या माणसाने डॉक्टरांशिवाय कुणालाही झटका देऊ देऊ नये. चोळायचंच तर त्यांना विचारून, आणि कण्याच्या रेषेवर नव्हे, बाजूच्या स्नायूंवर. मसाजनंतर पायातलं बळ गेलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.