मुख्याध्यापक-प्रशिक्षण सुधारायचंय: अधिस्वीकृती घ्यावी की राज्याने फेरमान्यता लावावी?

अमेरिकेत मुख्याध्यापक तयार होतात ते बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून. २००५ मध्ये शिक्षणतज्ज्ञ आर्थर लेव्हाइन यांच्या अहवालाने या अभ्यासक्रमांचे वाभाडे काढले: प्रवेश सैल, शिकवणं शाळेपासून तुटलेलं. तेव्हापासून प्रश्न उरला, सुधारणा कोणाच्या दबावाने होईल?

पहिला मार्ग अधिस्वीकृतीचा, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून घेण्याचा. २०१३ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन सीएईपी ही अशी अधिस्वीकृती देणारी संस्था उभी राहिली. तिची पद्धत अशी की विद्यापीठाचा शिक्षण विभाग आधी स्वतःचा अहवाल लिहितो, मग दुसऱ्या विद्यापीठांतले जाणकार येऊन तो तपासतात. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात काय असावं हे सांगणारी २०१८ ची एनईएलपी मानकं आहेत. त्यांतली अंतर्वासितेची अट मला सर्वांत मोलाची वाटते: किमान सहा महिने, आठवड्याला १० ते १५ तास प्रत्यक्ष शाळेत. चिडलेल्या पालकाशी बोलणं किंवा नवख्या शिक्षकाचा तास पाहून त्याला न दुखावता चूक दाखवणं वर्गात बसून येत नाही.

अडचण कागदांची. पुराव्यांच्या फायली रचण्यात प्राध्यापकांचे महिने जातात, आणि लहान विभागात तेच दोघे-तिघे शिकवतही असतात. शिवाय फाईल चांगली म्हणजे प्रशिक्षण चांगलं, असा समज हळूच रुजतो.

दुसरा मार्ग राज्याच्या फेरमान्यतेचा, इलिनॉय राज्याने घेतलेला. तिथे २०१० च्या कायद्याने जुनं सरसकट प्रशासकीय प्रमाणपत्र जाऊन खास मुख्याध्यापकपदाची पात्रता आली. सगळ्या अभ्यासक्रमांना नव्याने मान्यता घ्यावी लागली, तीही स्थानिक शाळा-जिल्ह्यांना, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणांना, भागीदार करून. प्रवेशाची चाळणी कडक झाली. ज्यांना नुसती पदवी नि पगारवाढ हवी होती, ते गळाले. प्रवेश घटले, आणि विद्यापीठांच्या तिजोरीला ते जाणवलं. एवढी उलथापालथ बाहेरच्या समितीच्या शिफारशींनी झाली असती, असं मला वाटत नाही. पण राज्याची मान्यता किमान अट घालते. त्यापुढे कोण किती चांगलं करतंय, हे तिला फारसं दिसत नाही.

तुम्ही राज्याच्या शिक्षण विभागात असाल आणि निम्मे अभ्यासक्रम नावापुरते असतील, तर आधी फेरमान्यता लावा. विभागप्रमुख असाल, घडी बऱ्यापैकी बसली असेल, तर अधिस्वीकृती घ्या. मात्र अर्ज करण्याआधी जवळच्या शाळा-जिल्ह्याच्या अधीक्षकांना भेटा आणि तुमच्याकडून शिकून गेलेले मुख्याध्यापक तिसऱ्या वर्षी कसे काम करताहेत, ते विचारा. स्व-अहवालाचं पहिलं पान त्या उत्तरावरून लिहा.