वळिवाच्या दिवसांत काय बघायचं: मॉडेलवाली अॅप्स की इन्सॅटची चित्रं?

खानापूर, बेळगाव, बैलहोंगल या पट्ट्यात ज्यांचं काम उघड्यावर चालतं, म्हणजे वीटभट्टीवाले, मांडववाले, तिकडं संकेश्वरच्या बाजूला मिरची वाळत घालणारे, त्यांच्यातले बरेच जण हल्ली विचारतात की हवामानासाठी मोबाईलवर नक्की काय बघायचं. एकीकडं गावाचं नाव टाकलं की तासातासाचा पाऊस सांगणारी अॅप्स आहेत, ती सगळी आतून कुठल्या ना कुठल्या मॉडेलवर, म्हणजे संगणकावर हवेचं गणित मांडून काढलेल्या अंदाजावर चालतात. दुसरीकडं इन्सॅट या आपल्या उपग्रहांनी काढलेली ढगांची चित्रं, ती काही सांगत नाहीत, नुसती दाखवतात, अर्थ आपणच लावायचा. मी खानापूरच्या बाजूला वीटभट्टी चालवतो आणि दोन्ही वापरतो, पण एकाकडं हात आधी जातो. कुठल्या ते पुढं कळेलच, तुमचं काम वेगळं असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आमच्या धंद्यातलं गणित सांगतो, नाहीतर पुढचं पटायचं नाही. थापलेली कच्ची वीट अंगणात पसरलेली असते तेव्हा वीस मिनिटांचा जोरदार वळीव तिची परत माती करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उलटं नुकसान कुणी धरत नाही. पाऊस येणार म्हणून ताडपत्री टाकली आणि आला नाही, तर खालच्या विटा घामेजून बसतात, वाळत नाहीत, दुसऱ्या दिवशी जागा रिकामी होत नाही, थापणारी माणसं हजार विटांमागं मजुरी घेतात त्यांची अर्धी दुपार ताडपत्र्या ओढण्यात जाते. म्हणजे येणारा पाऊस चुकला तरी तोटा आणि न येणारा पाऊस सांगितला तरी तोटा, आणि एप्रिल-मेमध्ये दुसरा प्रकार जास्त होतो.

आता मॉडेलची बाजू, आणि ती कमी लेखण्यासारखी अजिबात नाही. युरोपियन मॉडेल २०१६ पासून ९ किमीच्या चौकटींवर चालतं, म्हणजे नकाशाचे एवढे तुकडे पाडून प्रत्येकाचा अंदाज काढतं, विंडी नावाच्या अॅपवर ते कुणालाही बघता येतं, तिथंच अमेरिकन आणि जर्मन मॉडेल बाजूबाजूला लावून तिन्ही एकच बोलतात का तेही बघता येतं. आपल्या हवामान खात्याकडं मे २०२५ पासून ६ किमीची भारत फोरकास्ट सिस्टीम आली, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेली, आधी हाच आकडा १२ किमीच्या आसपास होता. तीन-चार दिवस पुढचं, मोठ्या पट्ट्यावरचं काही असेल तर या मॉडेलांना तोड नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं, त्याची चाहूल मॉडेलांनी समुद्रात काही दिसायच्या आधीच दिली होती. जून-जुलैत पावसाचा जोर कधी वाढणार, उघडीप कधी मिळणार, भट्टी पेटवायला सलग कोरडे दिवस आहेत का, हे सगळं मी मॉडेलवरच ठरवतो आणि तुम्हीही तसंच करा असं म्हणेन.

गाडं अडतं ते वळिवात. वळिवाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो, म्हणजे मॉडेलची जेमतेम एखादी चौकट, आणि एखादी गोष्ट मॉडेलला नीट दिसायची तर ती अशा निदान पाच-सहा चौकटींवर पसरलेली लागते. त्यामुळं ९ किमीवाल्या मॉडेलात असा ढग स्वतंत्रपणे तयारच होत नाही, त्या चौकटीत एकूण किती पाऊस पडेल त्याचा अंदाज सूत्रावरून काढला जातो. परिणाम असा की सगळ्या तालुक्यावर थोडा थोडा पाऊस पसरवून दाखवला जातो, आणि बरेचदा दुपारी एक-दोनलाच, आपल्याकडं खरा वळीव चार-पाचनंतर येतो तरी. तीन किलोमीटरवर चालणारी मॉडेलं आहेत, हवामान खातंही चालवतं, त्यात ढग खरोखर उभा राहतो, पण तो कित्तूरवर उभा राहणार की हुक्केरीवर हे तिथंही नक्की नसतं. वादळ आलं, फक्त तीस-चाळीस किलोमीटर बाजूला, तर शास्त्रज्ञांच्या हिशेबात तो अंदाज चांगलाच, माझ्या अंगणाच्या हिशेबात तो काही कामाचा नाही.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्या एका गोष्टीनं माझं मन उठलं ती वेगळीच आहे, आणि ती कुठल्या एका अॅपची नाही, मी वापरलेल्या बहुतेक सगळ्यांची आहे. अॅप आपला सकाळचा अंदाज पुसून टाकतं. सकाळी सातला मुकादम विचारतो, मालक, आज झाकायचं काय? मी बघतो, दिवसभर कोरडं, सांगतो नको, थापत राहा. दुपारी एकला परत उघडलं तर चार वाजता ढगाचं चिन्ह आणि पावसाचा आकडा, आणि सकाळी काय होतं त्याची कुठं खूणसुद्धा नाही, जणू पहिल्यापासून हेच सांगत होतो. संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर उघडलं तर त्या तासाला छान पाऊस दाखवलेला. मुकादमाला काय सांगू की सकाळी असं नव्हतं म्हणून?

यात कुणी फसवतंय असं मी म्हणत नाही. पहाटे साडेपाचच्या नोंदींवर चालवलेलं मॉडेल आपल्या मोबाईलपर्यंत पोचायला दुपारचे बारा होतात, म्हणजे सकाळी सातला आपण बघतो तो आदल्या संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या नोंदींवरचा अंदाज असतो, आणि नवा अंदाज आला की जुना जातो, कामाची पद्धतच ती आहे. पण त्यामुळं होतं काय, की हे माझ्या गावाला किती वेळा बरोबर आलं आणि चुकलं तर कुठल्या बाजूला चुकलं, हे शिकायची सोयच राहत नाही. मी काही दिवस रोज स्क्रीनशॉट काढून ठेवले, पण एप्रिलच्या धांदलीत कामावरच्या माणसाला ते जमत नाही. शिवाय नंदगड आणि बिडी दोन वेगळी गावं टाकली तर दोन वेगळे दशांशातले आकडे येतात, त्यामुळं वाटतं हे खास आपल्या गावासाठी काढलंय, प्रत्यक्षात शेजारच्या चौकटींमधून ओढून काढलेले ते आकडे असतात. ज्या आकड्याचा मागचा हिशेब तपासता येत नाही त्याच्यावर दुसऱ्याची मजुरी अडकवणं मला तरी पटेना.

सॅटेलाइटचं चित्र इथंच वेगळं पडतं. अडीचचं चित्र पाच वाजतासुद्धा अडीचचंच राहतं. मागची चित्रं ओळीनं लावून परत चालवता येतात, आज पाऊस आपल्याला चुकवून कसा गेला ते संध्याकाळी निवांत बघता येतं, आणि दोन-तीन आठवडे असं बघितलं की आपल्या भागातल्या ढगांच्या चाली ओळखीच्या व्हायला लागतात. मला वाटतं माझं पारडं तिथंच झुकलं.

चित्रं मिळतात दोन ठिकाणी, इस्रोच्या अहमदाबाद केंद्राच्या मॉस्डॅक आणि हवामान खात्याच्या रॅपिड या वेबसाइटवर, दोन्ही फुकट. इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये वर गेला आणि ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रत्येकाचं चित्र अर्ध्या तासानं येतं पण दोघांच्या वेळा आलटून-पालटून असल्यानं मिळून साधारण पंधरा मिनिटांनी एक पडतं. ३डीआर ७४ अंश रेखांशावर उभा आहे, बेळगाव साडेचौऱ्याहत्तरवर, म्हणजे तो जवळजवळ आपल्याच रेषेत खाली विषुववृत्तावर आहे, त्याला आपल्याकडं अगदी तिरकं बघावं लागत नाही.

वाचायला शिकावं लागतं हे खरं. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, ०९०० लिहिलंय म्हणजे आपले दुपारचे अडीच. इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णतेवरून काढलेल्या चित्रात, ढगाचा माथा जितका थंड तितका ढग उंच, माथा उणे साठ डिग्रीच्या खाली गेला की तो साधा ढग राहिला नाही असं धरायचं. पण मोठ्या पसरलेल्या पांढऱ्या डागाला घाबरायचं नाही, तो बरेचदा जुन्या ढगाचा वाऱ्यानं पुढं पसरलेला माथा असतो, त्याखाली थेंबसुद्धा नसतो. बघायचं ते लहान, गोल, कडा ठसठशीत असलेला डाग, जो एका चित्रात नव्हता आणि पुढच्या दोन चित्रांत दुप्पट झाला. आणखी एक बारीक गोष्ट, सॅटेलाइट आपल्या दक्षिणेला असल्यामुळं बारा किलोमीटर उंच ढगाचा माथा चित्रात खऱ्या जागेपेक्षा चारेक किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो, म्हणून डाग आपल्या गावाच्या थोडा वर दिसला तर सुटलो असं समजू नका.

दुपारी एकनंतर मी दृश्य प्रकाशाचं चित्र बघतो, ते १ किमीपर्यंत बारीक असतं, घाटाच्या कडेनं ढगांची रांग धरतेय का ते त्यात दिसतं. अडीचनंतर इन्फ्रारेड. कित्तूर-बैलहोंगलकडं डाग उठला आणि तीन चित्रांत तो आमच्या दिशेनं सरकला, तर ताडपत्री टाका म्हणून सांगतो, तास-दीड तास हातात असतो आणि झाकायला तेवढा पुरतो. डाग जागच्या जागी फुगला किंवा धारवाडकडं गेला तर थापणं चालू. फुकट झाकणं यामुळं बरंच कमी झालं, मोजून ठेवलेलं नाही, पण मुकादम आता ताडपत्रीवरून कुरकुर करत नाही एवढं सांगू शकतो.

त्रासही आहेत, लपवत नाही. हातात येणारं चित्र पंधरा मिनिटं ते अर्धा तास जुनं असतं, तेवढ्यात ढग दहा-पंधरा किलोमीटर चालून गेलेला असतो. जंगलाकडच्या गावांत रेंज धड नसते तिथं चित्रांची माळ उघडता उघडता पाऊस येतो, त्या मानानं अॅपचा आकडा पटकन दिसतो. वाऱ्याच्या पहिल्या झोताला लाइट जाते आणि मागोमाग टॉवर, म्हणून शेवटचं बघणं त्याआधी उरकायचं. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अॅप मी वेगळं ठेवलंय, माणसं उघड्यावर असतात तेव्हा ते हवंच, त्याला दोन्हीपैकी कशाचाच पर्याय नाही.

आणि जुलैत सॅटेलाइट जवळजवळ बाजूला ठेवावा लागतो, हे ज्यांना नवीन शिकायचंय त्यांनी नीट ऐका. जांबोटी, कणकुंबीला दिवसभर धो धो पाऊस असतो आणि इन्फ्रारेडमध्ये नुसता करडा रंग दिसतो, कारण घाटावर चढणारे ते ढग बुटके असतात, माथा थंड नसतो, तरी पाऊस भरपूर देतात. चित्र बघून कुणी म्हणेल काहीच नाही, आणि इकडं मलप्रभा भरून वाहत असते. तेव्हा मॉडेल, आणि खरं किती पडला ते बघायला कर्नाटकच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचे ग्रामपंचायतीपर्यंत बसवलेले पर्जन्यमापक.

चिकोडी, रायबाग, अथणीच्या नदीकाठच्या पाव्हण्यांना तर मी सरळ मॉडेलच सांगेन. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी येतं ते कोयनेकडून, दूधगंगा-वेदगंगेकडून, कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली जातो तो तुमच्या पावसानं नाही. ऑगस्ट २०१९ कुणी विसरलेलं नाही. तिथं वरच्या घाटात पुढचे चार दिवस काय होणार हेच कळायला हवं.

मांडववाल्यांचं अर्धं-अर्धं, लग्नाच्या चार दिवस आधी मॉडेल, लग्नाच्या दिवशी दुपारपासून चित्र. आणि एक गोष्ट आपल्या भागापुरती, हवामान खात्याच्या कागदावर कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात येतं आणि बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात, एकाचा अंदाज मुंबईहून निघतो, दुसऱ्याचा बेंगळुरूहून, त्यामुळं चंदगडला पिवळा इशारा असतो आणि शेजारी आमच्याकडं नसतो किंवा उलट, आणि मराठीतून वाचायला मिळतो तो बहुतेक तिकडचाच. चित्रात चंदगड आणि खानापूर एकाच नजरेत दिसतात, पलीकडचा ढग अलीकडं येताना दिसतो. सीमेवर राहणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

शिकायचं ठरवलंत तर मार्चअखेरीला, पहिल्या वळिवाच्या आधी सुरू करा. निरभ्र दिवसाचं चित्र कसं दिसतं ते डोळ्यात बसलं की पहिला डाग उठलेला लगेच कळतो. पावसाळ्यात सुरू केलंत तर सगळीकडं करडंच दिसेल आणि तुम्ही आठवड्यात सोडून द्याल.