पोराचं गणित चांगलं आहे, मग उद्यमबाग, सीए का स्टॅटिस्टिक्स?

माझ्या आक्काचा पोरगा यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. गणितात पहिल्यापासून बरा, त्यामुळं घरात ठरूनच गेलंय की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्यायचं आणि इंजिनीअर व्हायचं. आपल्या बेळगावात पोराचं गणित बरं म्हटलं की पुढचं वाक्य इंजिनीअर हेच असतंय, मधे श्वास पण घेत नाहीत लोक. मी 22 वर्षं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्न शॉपला (ओतकामाचे नमुने बनवायला) काढली, पोट गणितावरच भरतोय पण इंजिनीअर नाही, म्हणून म्हटलं दुसऱ्या वाटा पण जरा शेजारी शेजारी ठेवून बघूया.

पोराला विचारलं, गणितात तुला मजा नेमकी कधी येते रे? तर म्हणतोय पेपर संपल्यावर. असो.

आधी उद्यमबाग, कारण ती मला ठाऊक आहे. लोकांना वाटतं इथं हात काळे करायचं काम, गणित कसलं. तर बघा, वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा करावा लागतो, बिडाला (ओतीव लोखंडाला) साधारण 1 टक्का आणि स्टीलला 2 टक्के. मी नवीन असताना स्टीलच्या पार्टला बिडाचा हिशोब लावला होता, 500 मिलीमीटरचा पार्ट 5 मिलीमीटर बुटका आला आणि अख्खा लॉट भंगारात गेला. मालक काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं रायझरचं गणित, रायझर म्हणजे कास्टिंग आकसताना त्याला जादा धातू पुरवणारा साठा. ओतीव थंड व्हायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर गोठायला चौपट वेळ. रायझर कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, आधी गोठला तर आत पोकळी राहणार. नववीत घनफळ पृष्ठफळ करताना हे कुणी सांगितलं असतं तर मी शेवटच्या बाकावर झोपलो नसतो.

टूल रूममध्ये तर त्रिकोणमिती रोजचीच. 200 मिलीमीटरचा साइन बार (कोन लावायची पट्टी) 30 अंशाला लावायचा असला तर एका टोकाखाली 100 मिलीमीटरचे स्लिप गेज (अचूक जाडीचे ठोकळे) रचायचे, कारण साइन 30 म्हणजे अर्धा, संपलं. यासाठी एसएसएलसीनंतर थेट जीटीटीसी या सरकारी ट्रेनिंग सेंटरचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे, बेळगावात सेंटर आहे, तीन वर्षं शिकायचं आणि एक वर्ष कंपनीत काढायचं. म्हणजे पीयूसीवाला मित्र डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला असतो तेव्हा हा पगार घेत असतो. कमी काय आहे तर गणित एका जागी थांबतं, तुम्ही स्वतः होऊन कॅड, सीएनसी, सिम्युलेशन शिकला नाहीत तर दहा वर्षांनी पण तेच साइन कॉस. आणि उभं राहून काम, पाठ बोलते.

सीएचं गणित वेगळंच. फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा 100 मार्कांचा पेपर असतो, त्यात 40 गणित, 40 स्टॅटिस्टिक्स आणि 20 लॉजिकल रीझनिंग, चुकलं की पाव मार्क कापणार. पण खरं सांगायचं तर पुढं व्याज, टक्केवारी आणि चिकाटी यावरच चालतं, बाकी सगळा कायदा आणि अकाउंट. ज्याला ताळेबंद जुळल्यावर बरं वाटतं त्यानं जावं, ज्याला भूमितीचं कोडं आवडतं तो तिथं कंटाळणार. फायदा असा की पीयूसी कॉमर्स घरी राहून होतं, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता दोन वर्षांची आहे आणि ती गावात एखाद्या सीएकडं करता येते, आणि पास झाल्यावर निपाणी, चिक्कोडी, खानापूर कुठंही बोर्ड लावा, जीएसटी भरणारा व्यापारी सगळीकडं आहे. तोटा एकच पण मोठा, कधी पास होणार ते कुणी सांगू शकत नाही. आमच्या गल्लीत एक दादा सीएच्या पेपरांचा एक ग्रुप तीनदा अडकून बसला, लग्नाचं पण त्यात लांबलं.

तिसरी वाट स्टॅटिस्टिक्सची, ही आपल्याकडं कुणी बोलतच नाही. पीयूसी सायन्सला पीसीएमएस असं कॉम्बिनेशन असतं, कॉमर्सला सेबा, दोन्हीतला एस म्हणजे स्टॅटिस्टिक्स, पण कॉलेजात ते आहे का ते आधी विचारा. ज्याला गणित का जुळलं हे कळल्याशिवाय झोप येत नाही त्यानं इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यावी. 1931 ला महालनोबिसांनी कोलकात्यात सुरू केलेली संस्था, बी.स्टॅट कोलकात्याला आणि बी.मॅथ आपल्या बेंगळुरूला, राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी पोचतोय. पण पेपर अवघड आहे, पाठांतरवाल्याचं काम नाही. ते जमलं नाही तरी साधं बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस देता येते, किंवा अॅक्च्युअरी, म्हणजे किती वयाचा माणूस किती वर्षं जगण्याची शक्यता आहे यावरून विम्याचा हप्ता ठरवणारा माणूस. फेलो व्हायला 13 पेपर, नोकरी करत करत देतात. अडचण ही की यातलं बहुतेक काम मुंबई, पुणे, बेंगळुरूला, आईबाबांजवळ राहून हे होणार नाही.

इंजिनीअरिंगचं सगळ्यांना माहीतच आहे, तेवढं एक सांगतो. केसीईटीला, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेला, 180 पैकी गणिताचे 60 मार्क आणि रँकमध्ये अर्धा वाटा पीयूसीच्या मार्कांचा धरतात. महाराष्ट्राच्या सीईटीला 200 पैकी 100 मार्क गणिताचेच. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या आणि दहावी बारावी इथंच केलेल्या पोरांसाठी तिकडं टाइप ई म्हणून वेगळी पात्रता आहे. गणित भारी आणि केमिस्ट्री बेताची असलेल्या पोरानं दोन्ही परीक्षा द्याव्यात की, बरेच जण फॉर्मच भरत नाहीत.

माझं मत विचाराल तर घरात पैशाची घाई असेल तर जीटीटीसी, पोरगा शांत बसून वाचणारा असेल तर स्टॅटिस्टिक्स, आणि सीए फक्त त्याला स्वतःला पाहिजे असेल तरच. आणि यातलं काहीही घेतलं तरी मराठी मीडियमच्या पोराला पहिले सहा महिने जड जाणारच, कारण लसावि मसावि, वर्गमूळ, त्रिकोणमिती सगळं येत असतं पण इंग्लिश नाव ऐकल्यावर ओळखू येत नाही. आमच्या पोराला आत्तापासून वहीच्या मागं दोन्ही नावं लिहायला लावलीत.

मे महिन्यात आठ दिवस शॉपला पाठव म्हटलंय आक्काला. ती तयार आहे, दाजी अजून मोबाईलवर मागच्या वर्षीचा कटऑफ बघत बसलेत.